नातू कोणत्या देशाचा?
वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

सीमाभागातील जुन्या जन्मदाखल्यांविषयी या सदरात लिहिले होते, त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांचा विषय मला अनपेक्षित होता. कुणाची सून चिनी आहे, कुणाचा जावई चिनी वंशाचा मलेशियन आहे, कुणाचा मुलगा शांघायजवळ नोकरीला आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचा चीनशी यंत्रांचा व्यवहार आणि आपल्या भागातून वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेली मुले पाहता हे पुढेमागे होणारच होते. निवडक पत्रे संक्षेपाने देऊन उत्तरे लिहीत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा चीनमध्ये सुझोउ शहरात अभियंता आहे. सून तिथलीच. २०२२ साली नातू तिथेच जन्मला. त्याचे नाव सुनेच्या माहेरच्या हुकोउमध्ये, म्हणजे तिकडच्या कुटुंब-नोंदवहीत, घातले आहे आणि त्याचा चिनी पासपोर्टही काढला आहे. भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद केलेली नाही. त्याला भारतीय करून घेता येईल का? गावाकडे आमची तीन एकर जमीन आहे, ती त्याला मिळेल का?
– एक आजोबा, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आजोबा, आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यापेक्षा सुखाचे आहे, म्हणून धीर धरून वाचावे.

चीनचा राष्ट्रीयत्व कायदा १० सप्टेंबर १९८० रोजी संमत झाला. अवघ्या अठरा कलमांचा हा कायदा आहे. आपल्याकडच्या एखाद्या सहकारी सोसायटीची उपविधी-पुस्तिकाही त्याहून जाड भरेल. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार चिनी नागरिकाचे दुहेरी राष्ट्रीयत्व चीन मानत नाही. चौथे कलम चीनमध्ये जन्मलेल्या मुलांविषयी आहे : आई किंवा वडील यांपैकी एक जण जरी चिनी नागरिक असेल, तरी मूल चिनी. परदेशात स्थायिक झालेल्या चिनी नागरिकांच्या मुलांसाठी पाचव्या कलमात जो अपवाद आहे, तो चौथ्या कलमात नाही. त्यामुळे आपला नातू जन्मल्या क्षणापासून चिनी नागरिक आहे. हुकोउ आणि पासपोर्ट हे त्याचे परिणाम आहेत, कारण नव्हे.

आता भारताची बाजू. आपल्या नागरिकत्व कायद्याचे, म्हणजे १९५५ च्या कायद्याचे, चौथे कलम परदेशात जन्मलेल्या मुलांचे आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेले मूल, आई-वडिलांपैकी एक भारतीय असले तरी, आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि वर्ष उलटले असेल तर केंद्र सरकारची परवानगी घेऊन नोंद करता येते. मात्र या नोंदीच्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी लिहून द्यावे लागते. आपल्या मुलाला तसे खरेपणाने लिहून देता येणार नाही. उशीर झाला म्हणून हा दरवाजा बंद झाला असे आपण समजत असाल, तर तसे नाही. उशीर माफ होऊ शकतो. अडसर चिनी पासपोर्टचा आहे. खोटे लिहून देण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाचा नाद सोडावा.

चिनी नागरिकत्व सोडण्याची वाट चिनी कायद्यातच आहे. परकीय नागरिकाचा जवळचा नातेवाईक असणे, हे राष्ट्रीयत्व सोडण्याच्या अर्जाला दहाव्या कलमाने मान्य केलेले एक कारण आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने आई-वडिलांना अर्ज करता येतो. परंतु त्यासाठी सुनेची संमती लागेल, आणि मूल तिथल्या शाळेत शिकणार असेल तर ती का देईल, हाही विचार आपण करावा. माझ्या मते घाई करू नये. वडील भारतीय नागरिक असल्यामुळे अल्पवयीन नातवाला चिनी पासपोर्टवरच ओसीआय कार्ड मिळू शकते. आई-वडिलांपैकी एक भारतीय असलेल्या अल्पवयीन मुलाची सोय कायद्याच्या ७अ कलमात स्पष्ट शब्दांत आहे. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. नाव ‘भारताचा विदेशस्थ नागरिक’ असले तरी तो वस्तुतः आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. पण बेळगावला हवे तेव्हा येता येते आणि हवे तितके दिवस राहता येते.

जमिनीचे म्हणाल तर शब्द नीट पाहावे लागतात. ओसीआय कार्डधारकाला भारतात घर किंवा बिनशेती जागा विकत घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, त्यामुळे आता कुणालाही चालते असा समज आपल्याकडे पसरला आहे. पण राज्याच्या जमीन कायद्यातील ती सवलत परकीय चलनाच्या नियमांना ओलांडून जात नाही. शेतजमीन बक्षीसपत्रानेही त्याला देता येत नाही, मग देणारा सख्खा आजोबा का असेना. वारशाने मात्र मिळू शकते. म्हणून हौसेने नातवाच्या नावे बक्षीसपत्र करून उताऱ्यावर त्याचे नाव चढवायला निघू नये. आधी आपल्या मुलाचे नाव नीट लागले आहे का, ते पाहावे. सुनेच्या बाबतीत नियम याहून कडक आहे. चीनसह काही ठरावीक देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीवाचून भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही; पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. हाच चिनी नागरिक ओसीआय कार्डधारक असेल, तर ही बंदी त्याला लागू नाही. भारतीय नागरिकाच्या परकीय जोडीदाराला, विवाह नोंदलेला असून दोन वर्षे टिकलेला असेल तर, सुरक्षा तपासणीनंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. सुनेसाठी तो अर्ज करावा, कारण घराच्या कागदावर तिचे नाव घालायचे झाल्यास तेच कार्ड उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी सून चिनी आहे. लग्न होऊन ती चौदा महिन्यांपूर्वी खानापूरला आली. तिला आठवा महिना लागला आहे. तिच्या व्हिसाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. बाळंतपण इथेच करायचे ठरले आहे. बाळ आपले म्हणजे भारतीयच होईल ना? पुढे ते आजोळी चीनला कसे जाईल?
– एक सासूबाई, खानापूर

उत्तर : हे पत्र वाचून झाल्यावर आपण पहिले काम करावे ते व्हिसाची मुदत वाढवून घेण्याचे, उत्तर त्यानंतर वाचले तरी चालेल. ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि तो मुदत संपण्याआधी गेला पाहिजे.

हे इतक्या तातडीने का सांगतो, ते ऐका. भारतात जन्मलेल्या मुलाचा नियम दोन वेळा बदलला. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल, राजदूतांची मुले वगैरे मोजके अपवाद सोडले तर, भारतीय ठरत असे. आई-वडील कोण, हे कायदा विचारत नव्हता. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी एक अट आली : एक भारतीय असेल, तर दुसरा त्या जन्माच्या वेळी ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा. ही संज्ञा ऐकली की कुंपणाखालून सरपटत आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण कायद्याच्या व्याख्येत रीतसर पासपोर्ट-व्हिसा घेऊन आलेला आणि मुदत संपल्यावरही राहिलेला माणूसही बसतो. सुनेचा व्हिसा दहा तारखेला संपला आणि बाळ बारा तारखेला जन्मले, तर वडील अस्सल खानापूरचे असूनही बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागू शकते. नंतर मुदत वाढवून मिळाली तरी जन्माच्या दिवशीची स्थिती काय होती, यावर वाद होईल. असा वाद अंगावर ओढवून घेण्याचे काहीच कारण नाही.

व्हिसा चालू असला, की बाळ जन्माने भारतीय. वेगळा अर्ज नाही, शुल्क नाही. एकवीस दिवसांत जन्माची नोंद करून दाखला घ्यावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, त्यामुळे त्यावरील आई-वडिलांच्या नावांची अक्षरे दोघांच्या पासपोर्टशी तंतोतंत जुळवून घ्यावीत. आपल्याकडे दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो; चिनी नाव कन्नडातून इंग्रजीत उलटताना त्याचे काय होऊ शकते, हे मी एका अशिलाच्या कागदपत्रांत पाहिले आहे. तिथे आईच्या एकाच नावाची तीन रूपे झाली होती आणि ती एक करण्यात सात महिने गेले.

आता आजोळची वाट. चिनी कायद्याचे पाचवे कलम असे : परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील, दोघेही किंवा दोघांपैकी एक, चिनी नागरिक असतील तर मूल चिनी, परंतु ते चिनी पालक परदेशात ‘स्थायिक’ झालेले असतील आणि मुलाला जन्मतःच परकीय राष्ट्रीयत्व मिळाले असेल, तर मूल चिनी नव्हे. म्हणजे आपल्या नातवंडाचा निर्णय एका शब्दावर अडतो. तो शब्द अठरा कलमांत कुठेही समजावून सांगितलेला नाही. परदेशस्थ चिनी कोणाला म्हणावे, याविषयी चीन सरकारच्या संबंधित कार्यालयाने २००९ मध्ये जे निकष दिले, त्यांत कायम वास्तव्याचा परवाना आणि सलग दोन वर्षांचे वास्तव्य, ज्यात किमान अठरा महिने प्रत्यक्ष राहणे, हा एक मार्ग आहे. असा परवाना नसेल तर किमान पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि त्यात एकूण तीस महिन्यांहून कमी नाही इतका मुक्काम, हा दुसरा. शिकायला गेलेले किंवा सरकारी कामावर पाठवलेले लोक त्यात धरत नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी आलेली आपली सून यांपैकी कशातच बसत नाही. तेव्हा चीनच्या दृष्टीने बाळ चिनी आणि भारताच्या दृष्टीने भारतीय, असे होणार. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व नाकारतात आणि तरीही दोघांच्या कायद्यांनी मिळून एकाच बाळाला दोन नागरिकत्वे दिली, अशी ही गंमत आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की चिनी दूतावास अशा बाळाच्या भारतीय पासपोर्टवर व्हिसा देण्याचे नाकारून त्याऐवजी चीनचे ‘प्रवासपत्र’ देऊ करतो. ते साधारणतः दोन वर्षांचे असते. ते घ्यावे की नाही, हा खरा अवघड प्रश्न आहे. भारताच्या नागरिकत्व नियमांनुसार परकीय पासपोर्ट घेणे हा स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. प्रवासपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे, आणि तान्ह्या बाळाची ‘स्वेच्छा’ ती कसली, असा युक्तिवाद करता येतो व मी तो करेनही. पण युक्तिवाद करावा लागणे हेच अशिलाचे अर्धे नुकसान असते. म्हणून पहिली एक-दोन वर्षे चीनच्या आजी-आजोबांनीच खानापूरला यावे, असे मी सुचवेन. जायचेच असेल, तर दूतावासाकडून बाळाला ते कोणत्या राष्ट्राचे मानतात हे लेखी घ्यावे आणि मग वकिलाला भेटावे. चिनी पासपोर्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नये.

प्रश्न : माझा जावई मलेशियाचा नागरिक असून वंशाने चिनी आहे, त्याचे खापरपणजोबा चीनमधून आले होते. मुलगी भारतीय. दोघेही दुबईत डॉक्टर आहेत. नुकतीच त्यांना मुलगी झाली. नातेवाईक म्हणतात, रक्त चिनी म्हणून मुलगी चिनी ठरेल. हे खरे का?
– निपाणी येथील एक वाचक

उत्तर : खरे नाही, पण शंभर वर्षांपूर्वी खरे ठरले असते, आणि आपल्या नातेवाइकांच्या बोलण्याचे मूळ तिथेच आहे.

चीनचा पहिला राष्ट्रीयत्व कायदा १९०९ साली, छिंग घराण्याच्या अखेरच्या दिवसांत झाला. आजच्या इंडोनेशियात, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीत, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी लोकांना डच सरकार आपले प्रजाजन ठरवण्याच्या तयारीत होते. त्याला शह म्हणून पेकिंगने, म्हणजे चीन सरकारने, जाहीर केले, की बाप चिनी असेल तर मूल जगात कुठेही जन्मो, ते चिनी. १९२९ च्या कायद्यानेही बापाकडून येणारे रक्तच प्रमाण मानले. परिणामी सिंगापूर, पेनांग, बटाव्हिया (आजचे जाकार्ता) इथे जन्मलेली लक्षावधी मुले एका बाजूने ब्रिटिश किंवा डच प्रजा आणि दुसऱ्या बाजूने चिनी नागरिक, अशी दोन दोरांनी बांधलेली राहिली. आग्नेय आशियातील नवस्वतंत्र देशांना या लोकांची निष्ठा कोणाकडे, ही शंका छळू लागली. तेव्हा आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेच्या दिवसांत, २२ एप्रिल १९५५ रोजी, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार केला, की दुहेरी नागरिकत्व असलेल्यांनी दोन वर्षांत एकाची निवड करावी. करार अमलात यायला १९६० उजाडले आणि १९६९ मध्ये इंडोनेशियाने तो मोडला. पण दिशा बदलली ती बदललीच. १९८० च्या कायद्यातील पाचव्या कलमाचा तो ‘परंतु’ याच इतिहासातून आला आहे : परदेशात स्थायिक झालात, मुलाला तिथले नागरिकत्व जन्मतः मिळाले, तर ते मूल त्या देशाचे. रक्ताचा दोर चीनने जाणूनबुजून सैल सोडला.

म्हणून आपल्या नातीसाठी विचारायचा प्रश्न एवढाच, की तिच्या जन्माच्या दिवशी आई-वडिलांपैकी कोणी चिनी नागरिक होते का? नव्हते. जावई मलेशियन आहे. खापरपणजोबांचे गाव फूच्येनमध्ये असो की क्वांगतुंगमध्ये, चिनी कायद्याच्या दृष्टीने नातीचा चीनशी संबंध नाही. दुबईत जन्मली म्हणून संयुक्त अरब अमिरातीचे नागरिकत्वही नाही. जावई मलेशियातच जन्मलेला आणि विवाह कायदेशीर असेल, तर वडिलांकडून ती मलेशियन ठरते. आईकडून तिला भारतीय नागरिकत्व मिळू शकते, पण वर्षाच्या आत (उशीर झाल्यास केंद्र सरकारच्या परवानगीने) दुबईच्या भारतीय वकिलातीत नोंद केली तरच, आणि मलेशियन पासपोर्ट काढलेला नसेल तरच. नोंद केली आणि मलेशियन नागरिकत्वही तसेच राहिले, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत तिला ते सोडावे लागेल, नाहीतर भारतीय नागरिकत्व जाईल. मलेशियाही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तेव्हा ती कुठे वाढणार हे मुलगी-जावयाने वर्ष संपण्याआधी बसून ठरवावे. ते ठरवण्यात आपण निपाणीहून फार हात घालू नये, असे आगाऊपणाने सांगतो.

जाता जाता : आपण ‘चिनी’ म्हणतो ती व्यक्ती तैवानची असेल तर वर सांगितलेला चीनचा १९८० चा कायदा तिथे चालत नाही. तिथे १९२९ चा कायदा दुरुस्त्यांसह अजून चालू आहे, आणि आईकडूनही राष्ट्रीयत्व मिळण्याची सोय २००० सालच्या दुरुस्तीने झाली.

प्रश्न : आम्ही दोघेही बेळगावचे. मुलगा क्वांगचौ येथे जन्मला. तो चिनी ठरतो का? शिवाय माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगाम’ आहे आणि पत्नीच्या नव्या पासपोर्टवर ‘बेळगावी’, यामुळे नोंदीत अडचण येईल का?
– एक वाचक, सध्या मुक्काम चीन

उत्तर : ठरत नाही. चीनच्या भूमीवर जन्म झाल्याने नागरिकत्व मिळते ते फक्त तिथे स्थायिक झालेल्या, राष्ट्रीयत्व नसलेल्या किंवा राष्ट्रीयत्व निश्चित नसलेल्या आई-वडिलांच्या मुलाला. आपल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळावे म्हणून वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी.

शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, ही गोष्ट एका ओळीच्या प्रतिज्ञापत्रात लिहून सोबत जोडावी. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर तर ‘मुंबई इलाखा’ आहे. १९५६ साली राज्य बदलले, नावे बदलली, नागरिकत्व मात्र बदलले नाही. भारतात राज्याचे वेगळे नागरिकत्व नसतेच, हे चिनी अधिकाऱ्याला एका कागदावर समजावून सांगता येते. आपल्याकडच्या कार्यालयात ते सांगताना कधी कधी जास्त वेळ लागतो.

प्रश्न : माझा मित्र मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत १९८३ साली जन्मला. चीन तिबेटींना आपले नागरिक म्हणतो, आपल्याकडे त्यांना निर्वासित म्हणतात. मग तो नक्की कोण?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आपल्या मित्राची जन्मतारीख हेच उत्तर आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याच्या आई-वडिलांची राष्ट्रीयता कायदा विचारत नाही, हे वर सांगितलेच. मुंडगोडची वसाहत १९६६ ची. तिथे १९८३ मध्ये जन्मलेला माणूस जन्माने भारतीय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर या भारतात जन्मलेल्या तिबेटी महिलेच्या प्रकरणात हेच सांगितले, आणि २०१३ मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आई-वडिलांच्या मुलाला अमेरिकन ठरवले, ते याच जन्मभूमीच्या तत्त्वावर.

मात्र कायद्याने दिलेले आणि व्यवहारात मिळालेले यांत अंतर पडू शकते. १९६२ च्या युद्धानंतर कोलकाता, आसाम, दार्जिलिंग इथल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत भारतातच जन्मलेली माणसे होती, मुले होती. त्या वर्षी केलेल्या कायद्याने चिनी वंशाच्या भारतीय नागरिकालाही परकीयांचे निर्बंध लावण्याची मुभा सरकारने घेतली होती. जन्माचा कागद खिशात असून उपयोग झाला नाही.

आपल्या मित्राने मुंडगोडच्या जन्मनोंदीची प्रमाणित प्रत काढावी, तीवर १९८३ हे वर्ष स्पष्ट आहे ना ते पाहावे, आणि निर्वासित म्हणून मिळालेल्या नोंदणी-पुस्तिकेचे काय करायचे हे पासपोर्टच्या अर्जापूर्वी विचारून घ्यावे. त्याची धाकटी बहीण १९८८ ची असल्याचे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. आई-वडील दोघेही निर्वासित असतील, तर तिला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. तिचा अर्ज भावाच्या अर्जासोबत पाठवू नये, तिची कागदपत्रे घेऊन वेगळे भेटावे.